प्रयोगशाळेतील जनावरे व त्यांची निगा राखणारा सेवकवर्ग

प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशावरील औषधाची जी लहानशी कुपी ठेवलेली असते, तिच्यात बहुधा पांढरट भुकटी दिसते. शुद्ध पाण्यात विरघळवून ती शिरेवाटे दिली जाते. भाताच्या खाचरात, उसाच्या फडात किंवा रात्री पाण्याची पाळी देताना ज्याला दंश झाला, त्या शेतकऱ्याचा जीव पुष्कळदा ह्या भुकटीवर अवलंबून असतो. नाग, मण्यार, घोणस व फुरसे ह्या चार सापांच्या विषांवर ती लागू पडते. ती कोणत्या झाडपाल्यापासून काढलेली नसते, की रसायनांच्या कारखान्यात घडविलेली नसते. ती घोड्याच्या रक्तातून येते. आणि घोडा म्हटला की त्याचा मोतद्दारही आलाच.

लस कोणी शोधली, हे शाळेच्या पुस्तकात सापडते. ज्या जनावरांवर ती पारखली गेली, त्यांना वेळेवर चारापाणी कोणी केले, पिंजरे कोणी धुतले, आजारी जनावर प्रथम कोणाच्या दृष्टीस पडले, हे मात्र कोठे लिहिलेले नसते. वास्तविक प्रयोगाचा खरेखोटेपणा ह्याच गोष्टींवर पुष्कळ अंशी ठरतो. ज्याला गोठ्याची माहिती आहे त्याला हे समजण्यास अडचण पडणार नाही. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकऱ्यांनी ह्या कामाची ओळख करून घेणे इष्ट आहे.

परळची प्रयोगशाळा

१८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला. त्याच वर्षी ऑक्टोबरात डॉ. वाल्देमार हाफकिन मुंबईस आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक लहान खोली व एक ओसरी मिळाली, आणि हाताखाली एक कारकून व तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर प्लेगची लस तयार झाली. तिची परीक्षा प्रथम सशांवर झाली आणि १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन ह्यांनी ती स्वतःस टोचून घेतली. पुढे १८९९ साली परळ येथील जुन्या गव्हर्नर हाऊसमध्ये ही प्रयोगशाळा हलविण्यात आली. १९२५ पासून ती हाफकिन संस्था ह्या नावाने ओळखली जाते. जेथे एके काळी गव्हर्नरसाहेबांच्या मेजवान्या झडत, तेथे सशांचे व गिनीपिगांचे पिंजरे आले.

प्लेग उंदरांच्या पिसवांमधून माणसास होतो, हे आज सर्वांना ठाऊक आहे. त्या काळी ही गोष्ट वादाची होती. १९०५ साली प्लेगच्या चौकशीसाठी जे मंडळ कामास लागले, त्याने परळ येथे मुद्दाम बांधलेल्या लहान खोल्यांत गिनीपिगांवर प्रयोग केले. काही गिनीपिग जमिनीवर सोडले, काही पिंजऱ्यांत घालून जमिनीपासून दोन इंच उंचीवर ठेवले, काही दोन फूट उंचीवर टांगले. खालच्यांना प्लेग झाला. दोन फुटांवरच्यांना झाला नाही, कारण तेवढी उडी पिसवेला मारता येत नाही. प्रयोग इतका साधा की शेतकऱ्याच्या पोरासही समजावा. परंतु त्याचे सारे मोल पिंजऱ्याच्या उंचीत आहे. टांगलेला पिंजरा एखाद्या रात्री ढिलावून खाली लोंबला असता, किंवा दाणा घालून झाल्यावर कोणी तो जमिनीवरच ठेवून गेला असता, तर निष्कर्ष उलटा निघाला असता. पिंजरा बांधणारा व दाणा घालणारा हात विश्वासाचा असल्यावाचून असा प्रयोग तडीस जात नाही.

घोडा व मोतद्दार

१९७५ साली हाफकिन संस्थेतील औषधनिर्मितीचे काम वेगळे काढून त्यासाठी हाफकिन जीव-औषधनिर्माण महामंडळ स्थापन झाले. सर्पविषावरील रक्तजलासारखी औषधे तयार करण्याचे महामंडळाचे काम पुण्याजवळ पिंपरी येथे चालत आले आहे. अशी औषधे करण्याची रीत सर्वत्र साधारण एकच आहे.

नवा घोडा आला म्हणजे तो प्रथम इतरांपासून दूर बांधतात. त्याचे रक्त तपासतात, जंत पाडतात, धनुर्वाताची लस टोचतात. मग सापाचे विष अत्यंत अल्प मात्रेत त्याच्या कातडीखाली टोचले जाते. काही दिवसांच्या अंतराने ही मात्रा हळूहळू वाढवितात. घोड्याचे शरीर विषाचा प्रतिकार करणारी द्रव्ये तयार करू लागते. ती पुरेशी झाली असे थोडे रक्त तपासून कळले, म्हणजे मानेच्या शिरेतून ठरावीक रक्त काढून घेतात. त्यातील तांबड्या पेशी घोड्यास परत देण्याचीही पद्धत आहे. नंतर त्याला विसावा दिला जातो. काढलेल्या रक्तजलावर प्रक्रिया करून ते शुद्ध करतात, सुकवितात, आणि पांढऱ्या उंदरांवर त्याची ताकद पारखतात. विरघळविलेल्या औषधाच्या प्रत्येक मिलिलिटराने नागाचे व घोणसाचे ०.६ मिलिग्रॅम आणि मण्यारीचे व फुरशाचे ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ केले पाहिजे, असे प्रमाण आपल्या देशात ठरलेले आहे.

ह्या सगळ्या साखळीत डॉक्टर घोड्यापाशी आठवड्यातून थोडा वेळ असतो. मोतद्दार दररोज असतो. टोचल्या जागी सूज आली, ती दुसऱ्या दिवशी ओसरली की कडक झाली, हे खरारा करताना त्याच्या हाताला कळते. तोबऱ्यात चंदी उरली, लीद कोरडी पडली, घोडा एका पायावर भार टाकून उभा राहिला, ओळखीचा माणूस आला तरी कान टवकारले नाहीत, ही लक्षणे कोणत्याही यंत्रात उमटत नाहीत. गळू पिकलेल्या किंवा रक्त कमी पडलेल्या घोड्याचे पुन्हा रक्त काढले, तर घोड्याचे हाल होतात आणि औषधही हिणकस निघते. म्हणून रक्त काढण्यापूर्वी वजन व रक्तातील लोहद्रव्य पाहतात, त्याचप्रमाणे मोतद्दारास विचारणे हाही त्या तपासणीचाच भाग मानला पाहिजे. चांगल्या पागेत तो मानतातही.

ही गोष्ट किती गंभीर आहे, हे अमेरिकेतील सेंट लुइस शहरात १९०१ साली घडलेल्या अनर्थावरून दिसून येईल. तेथे घटसर्पावरील रक्तजल घोड्यांपासून तयार करीत असत. (हा मुलांच्या घशाचा घटसर्प, गुरांचा घटसर्प रोग निराळा.) पूर्वी दुधाची गाडी ओढणारा जिम नावाचा एक घोडा ह्या कामी होता. २ ऑक्टोबर रोजी त्याला धनुर्वात झाल्याचे दिसले व त्याला मारावे लागले. त्याचे ३० सप्टेंबर रोजी काढलेले रक्तजल ओतून टाकणे अगत्याचे होते. तसे न होता ते कुप्यांत भरले गेले आणि काही कुप्यांवर २४ ऑगस्ट ही आधीची तारीख पडली. ते टोचल्याने तेरा मुले दगावली. घोड्याची नोंदवही, रक्त काढल्याची तारीख आणि कुपीवरची चिठ्ठी ही तिन्ही एकमेकांशी जुळत असती, तर ही मुले वाचली असती. त्या अनर्थानंतर १९०२ साली अमेरिकेने अशा औषधांवर देखरेखीचा कायदा केला.

त्याच वर्षी परळच्या प्रयोगशाळेवरही संकट कोसळले. पंजाबातील मुलकोवाल गावी ३० ऑक्टोबर १९०२ रोजी प्लेगची लस टोचली असता, एकाच बाटलीतून लस मिळालेली एकोणीस माणसे धनुर्वाताने मेली. दोष प्रयोगशाळेवर आला. हाफकिन ह्यांना कामावरून दूर व्हावे लागले. पुढे अनेक शास्त्रज्ञांनी पुरावा तपासून दाखविले की, बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा त्या गावी जमिनीवर पडला होता व तो नीट उकळून न घेता वापरण्यात आला होता. १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले, परंतु मधली पाच वर्षे गेली ती गेलीच. चिमटा कोणाच्याही हातून पडतो. तो पडला हे ताबडतोब सांगण्याची मुभा हाताखालच्या माणसास असावी, ही खरी गोष्ट आहे. जेथे चूक सांगितल्याबरोबर दंड होतो, तेथे चिमटा पुसून पुढे चालण्याकडेच माणसाची प्रवृत्ती होते.

खाद्य व स्वच्छता

जावा बेटातील बटाव्हिया, म्हणजे आजचे जाकार्ता, येथे १८९०च्या सुमारास आइकमान नावाचे डच डॉक्टर बेरीबेरी रोगाचा शोध घेत होते. त्यांच्या कोंबड्या एकाएकी पायांतून लुळ्या पडू लागल्या आणि काही महिन्यांनी तशाच एकाएकी बऱ्या झाल्या. जंतू सापडेना. अखेरीस उलगडा झाला तो खाद्याच्या हकिकतीतून. कोंबड्या सांभाळणारा काटकसर म्हणून लष्करी इस्पितळाच्या मुदपाकखान्यातून उरलेला पांढरा भात आणून त्यांना घालीत होता. नवा आचारी आला आणि त्याने लष्कराचा भात बिगरलष्करी कोंबड्यांना देण्याचे साफ नाकारले! कोंबड्यांना पुन्हा बिनसडीचा तांदूळ मिळू लागला व त्या उभ्या राहिल्या. तांदळाच्या कोंड्यात जीवनसत्त्व असते, ह्या ज्ञानाचा उगम येथे आहे. आइकमान ह्यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कोंबड्यांचे खाद्य कोणत्या तारखेस बदलले ही माहिती मात्र त्यांना देऊ शकत होते ते खाद्य घालणारेच.

मुंबईचाच एक दाखला ह्याहून बोलका आहे. १९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर बाई हाफकिन संस्थेच्या साहाय्याने गर्भवती स्त्रियांच्या पांडुरोगाचा अभ्यास करण्यास आल्या. मुंबईच्या गरीब वस्त्यांतील व गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांत हा रोग फार होता. त्या स्त्रियांचे असते तसेच निकस अन्न मोठ्या पांढऱ्या उंदरांना घालून पाहिले. उंदीरही पांढरे फटक पडले, आणि गाभण माद्या विण्यापूर्वीच मेल्या. निष्कर्ष हाती आला असे वाटले. परंतु ह्या उंदरांच्या अंगावर उवा झाल्या होत्या, आणि उवांमधून पसरणाऱ्या रोगानेही त्यांचे रक्त आटते, असे आढळले. मग दोष अन्नाचा किती व उवांचा किती, हे सांगता येईना. तेव्हा माकडांवर नव्याने प्रयोग करावे लागले. माकडांना त्याच प्रकारचा पांडुरोग झाला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा झाला; रोगी स्त्रियाही त्याने सुधारल्या. हे १९३१ साली प्रसिद्ध झाले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फॉलिक ॲसिड. गावातील गर्भवतीला आज उपकेंद्रातून लोहाबरोबर ज्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मिळतात, त्यांचे मूळ ह्या कामात आहे. उवा झालेले उंदीर वेळीच वेगळे काढले गेले असते, तर किती जनावरांचे जीव व किती दिवस वाचले असते, ह्याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

निगा राखणाऱ्याने प्रत्येक जातीची गरज ओळखली पाहिजे. सशाला व उंदराला जे चालते ते गिनीपिगास चालेलच असे नाही. माणसाप्रमाणे त्याच्या शरीरातही क जीवनसत्त्व तयार होत नाही, म्हणून त्याला नुसता दाणा देऊन भागत नाही, लसूणघास किंवा कोबीसारखा हिरवा पाला लागतो. पालाही औषध फवारलेल्या वावरातला नसावा. येथे शेतकऱ्याचा संबंध सरळच येतो.

जनावर हाताळण्याची रीत

मांजर उंदराला जसे धरते तसे माणसाने धरू नये, हे शहाण्या सेवकांना पूर्वीपासून ठाऊक होते. आता त्याला शास्त्राचाही आधार मिळाला आहे. पांढऱ्या उंदरास शेपटीने उचलण्याची पद्धत सर्रास होती. इंग्लंडमधील लिव्हरपूल विद्यापीठात २०१० साली असे दाखविण्यात आले की, शेपटीने उचललेले उंदीर भेदरतात व माणसापासून दूर पळतात. तेच ओंजळीत किंवा नळीत घेऊन उचलले तर आपण होऊन जवळ येतात. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाने त्याच वर्षी उंदराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली: डोळे आवळलेले, गाल व नाक फुगलेले, कान मागे गेलेले. २०१४ साली त्याच विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखविले की, खोलीत पुरुष असला म्हणजे त्याच्या वासानेच उंदरांच्या शरीरावर ताण येतो व वेदनेची मापे बदलतात. बाई असली तर तसे होत नाही. म्हणजे खोलीत कोण आले होते हेही वहीत लिहावयास हवे.

भ्यालेल्या जनावराचे रक्तदाब, साखर, भूक सारेच बिघडते. अनोळखी माणसाने धार काढावयास बसल्यावर गाय पान्हा चोरते, त्यातलाच हा प्रकार. दररोज त्याच माणसाने, त्याच वेळी, हलक्या हाताने काम केले तर थोड्या जनावरांत विश्वसनीय उत्तर मिळते. मुक्या प्राण्यांवर प्रयोग करणे योग्य की अयोग्य, हा प्रश्न आपल्याकडे भूतदयेच्या भावनेने विचारला जातो व तो विचारला जाणे योग्यच आहे. १९५९ साली रसेल व बर्च ह्या इंग्रज लेखकांनी त्याला तीन कामांचे रूप दिले: जनावराऐवजी दुसरा मार्ग शोधणे, संख्या घटविणे, आणि जे घ्यावेच लागेल त्याचे हाल कमी करणे. ह्यांतील शेवटचे काम पिंजऱ्यापाशी, सेवकाच्या हातून होते; आणि ते नीट झाले तर दुसरेही आपोआप थोडेफार साधते.

कारण सांगणे व म्हणणे ऐकणे

गावात खाद्याचे प्रात्यक्षिक घेताना येणारा अनुभव येथे लक्षात घ्यावा. दोन वासरांना निरनिराळे खाद्य घालून वजनातील फरक पाहावयाचा असतो. गड्याला फक्त हुकूम मिळालेला असतो. ज्या वासराला पेंड नाही त्याचे तोंड पाहून त्याला दया येते आणि तो दुसऱ्याच्या पाटीतील मूठभर त्याला घालतो. त्याच्या मनाने त्याने पुण्य केले. प्रात्यक्षिक मात्र फुकट गेले. त्याला आधी कारण सांगितले असते तर त्याने मूठ आवरली असती, आणि वासरू फारच खंगत चालले असे दिसताच येऊन तसे सांगितलेही असते. प्रयोगशाळेतही हेच खरे. ज्याला आपण काय करतो आहो हे ठाऊक आहे, तोच काय बिघडले हे सांगू शकतो.

आपल्या देशात प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला. त्यान्वये १९६४ साली प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवणारी समिती नेमण्यात आली व १९९८ साली तपशीलवार नियम झाले. प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेत नीतिसमिती असावी लागते. तीत शास्त्रज्ञ, पशुवैद्य, प्राणिगृहाचा प्रमुख, बाहेरचा एक शास्त्रज्ञ, समाजाच्या वतीने एक बिगरशास्त्रज्ञ व सरकारी समितीने नेमलेला सभासद असतो. झाडलोट व चारापाणी करणाऱ्या सेवकाची जागा तीत वेगळी सांगितलेली नाही. युरोपातील राष्ट्रांनी २०१० साली केलेल्या नियमानुसार प्रत्येक संस्थेच्या प्राणिकल्याण मंडळात जनावरांच्या प्रत्यक्ष निगेस जबाबदार असलेली व्यक्ती घ्यावीच लागते. आपल्याकडे नियम बदलण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. नीतिसमितीच्या बैठकीपूर्वी प्राणिगृहाच्या प्रमुखाने सेवकांशी अर्धा तास बोलावे, त्यांचे म्हणणे लिहून न्यावे, एवढे आजही करता येण्याजोगे आहे.

गावातील एखाद्या तरुणास मुंबईत किंवा अन्यत्र अशा संस्थेत प्राणिगृह परिचर म्हणून काम मिळाले, तर त्याला पुढील माहिती देऊन पाठवावे. धनुर्वाताची लस रुजू होतानाच टोचून घ्यावी. माकडे, कुत्री असलेल्या ठिकाणी पिसाळरोगाच्या लसीची चौकशी करावी. उंदरांच्या मुताची धूळ व केस नाकात जाऊन काहींना शिंका, पुरळ, पुढे दमाही लागतो. म्हणून तोंडास पट्टी बांधल्यावाचून पिंजरे झाडू नयेत. भातखाचरांत काम करणाऱ्यांना ठाऊक असलेला लेप्टोस्पायरोसिस उंदरांच्या मुतातूनच येतो, तेव्हा हाताला जखम असता मोज्यांवाचून काम करू नये. कामाचे कपडे घरी आणू नयेत आणि संस्थेतील उरलेला दाणा घरच्या कोंबड्यांना घालू नये. जनावराने चावा घेतला किंवा ओरखडले, तर जखम साबणाने व भरपूर पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, आणि ती कितीही लहान असली तरी जनावराचा क्रमांक व वेळ ह्यांसह त्याच दिवशी वहीत नोंदवून डॉक्टरांस दाखवावी.